बोर्डापुढे गप्प राहायचं होतं

खिळा लागला तेव्हा मी वाडीत पोफळींना पाणी लावत होतो, आणि खिळा लागल्याचं मला कळलं नाही. पाट फिरवला, उरलेली आळी भरून घेतली, फावडं खांद्यावर टाकून घरी आलो आणि पडवीत बसून चहा मागितला. वनिता, माझी बायको, चहा घेऊन बाहेर आली ती दारातच थांबली. वाडीच्या दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत फरशीवर उजव्या पायाचे तांबडे ठसे उमटले होते. मला वाटलं, कुणी पान खाऊन थुंकलं. तिने कप खाली ठेवला, माझा पाय उचलून मांडीवर घेतला आणि तळव्यातून गंजका खिळा ओढून काढला. मी नुसता बघत होतो, दुसऱ्या कुणाच्या पायातून निघावा तसा.

आमचं गाव दिवेआगरच्या अलीकडे. चक्रीवादळात घरांवरचे पत्रे उडाले, त्यांचे खिळे अजून वाड्यांच्या मातीतून वर येत असतात. तरी आमच्या घरात वाडीत चपला घालून जायची पद्धत नाही. वडील म्हणायचे, ओल पायाला कळते, डोळ्यांना नाही. मी फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालो आणि इतकी वर्षं बुटात काढल्यावर मोठ्या हौसेने अनवाणी फिरायला लागलो. माझ्या पायाला ओल कळत नव्हती, हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. खरं तर स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

हे लिहायचं कारण एवढंच, की आमच्या भागातले निवृत्त जवान मला अधूनमधून विचारतात. अपंगत्वाच्या पेन्शनसाठी मेडिकल बोर्ड बसतं, त्याची तयारी काय करायची? कोणते कागद न्यायचे, कुठल्या खिडकीवर उभं राहायचं, हे माहीतगार माणसं सांगतील. मी मला जमलं नाही ते सांगतो. एकदा चुकून बसलो आहे, म्हणून हक्काने सांगतो.

पेन खाली ठेवणारा डॉक्टर

खिळ्याची जखम वरून मिटली आणि आतून पिकली. पाय सुजला, ताप आला, आणि वनिताला वास यायला लागला. मला तो वासही आला नाही, की मी येऊ दिला नाही, देव जाणे. माणगावला एका हॉस्पिटलात गेलो. तिथला डॉक्टर तरुण होता. पाय बघताच त्याने विचारलं, शुगर किती वर्षांपासून आहे? नाही म्हणालो. त्याला खरं वाटलं नाही. रक्त तपासलं, शुगर बरोबर निघाली, म्हणून पुन्हा तपासलं. मग दारूचं विचारलं. फौजी म्हटला की लोकांना आधी रमची बाटली दिसते. मी म्हणालो, सणासुदीला, तीही आता सुटली.

मग त्याने बोटांकडे नीट पाहिलं. दोन नखं कधीच गेलेली, शेंड्यांची कातडी ताणून बसवल्यासारखी गुळगुळीत. नोकरी कुठे झाली म्हणून विचारलं. मी सांगितलं, पुष्कळ ठिकाणी, त्यातले दोन हिवाळे वर बर्फात, पोस्टवर. त्याने पेन खाली ठेवलं.

"तेव्हा पायाला काय झालं होतं?"

"विशेष काही नाही. बोटं थोडी काळी पडली होती."

वनिता माझ्याकडे वळली. घरी मी सांगितलं होतं की बूट घट्ट होते, म्हणून नखं गेली.  तिने पदर असा काही आवळून घेतला, की घरी गेल्यावर काय होणार ते मला कळून चुकलं.

पोस्टवरची गोष्ट थोडक्यात सांगतो. वर माणसं मोजकी असतात. एक खाली गेला की त्याचा पहारा दुसऱ्याच्या अंगावर पडतो, आणि दुसऱ्याचे पायही काही बरे नसतात. म्हणून कुणी बोलत नाही. मी बोललो तेव्हा बोटं काळी झाली होती. खाली फील्ड हॉस्पिटलात काही दिवस ठेवलं, बरं केलं, आणि मी परत वर गेलो. त्याची नोंद आहे. नंतर पाय बधिर असायचे, पण पाऊल पडायचं. पाऊल पडतंय तोवर फौजी स्वतःला धडधाकट समजतो.

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की गारठ्याने नसा मेल्या की त्या सगळ्या परत येत नाहीत, आणि पुढे आणखी बिघडतही जातात. हे सांगताना तो हळू बोलत होता. शेवटी म्हणाला, पू हाडात उतरला असेल तर पावलाचा पुढचा भाग कापावा लागेल. मी गोळीबार ऐकलेला माणूस. पण त्या खोलीत कापावा लागेल हे शब्द ऐकून मी घाबरलो होतो. दुसरा शब्द नाही त्याला.

शेजारच्या कॉटवरचा माणूस

वॉर्डातला दिवस पहाटे थर्मामीटरने सुरू व्हायचा. मग झाडू, मग फिनेलचा वास, मग चहा, मग ड्रेसिंगची ट्रॉली. तिची चाकं वाजली की अख्खा वॉर्ड गप्प व्हायचा. माझ्या शेजारी म्हसळ्याकडचा एक ट्रकवाला होता, त्याच्या पोटरीला मोठी जखम. ट्रॉली त्याच्याकडे वळली की तो आईला, देवाला आणि मालकाला एका दमात हाका मारायचा.

माझी जखम रोज खरवडून काढत. डॉक्टर चिमट्याने सडकं मांस काढायचा आणि मी छताकडे बघत पडून राहायचो. ट्रकवाला सगळ्यांना सांगायचा, बघा, फौजी माणूस हाय, हूं की चूं न्हाय. येणारे-जाणारे कौतुकाने बघायचे. पहिले काही दिवस मी ते कौतुक घेतलंही. मग एकदा तो असाच ओरडत असताना मी भिंतीकडे तोंड करून रडलो. त्याचा पाय त्याला हाका मारत होता. माझा मुका झाला होता. दुखावं, अशी इच्छा मी आयुष्यात पहिल्यांदा केली.

दुपारच्या पाळीला एक वयस्क सिस्टर यायच्या. त्यांनी ते रडणं पाहिलं असावं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पर्समधला छोटा आरसा काढून माझ्या हातात दिला आणि तळव्याखाली धरायला सांगितला. म्हणाल्या, पाय रिपोर्ट देत नाही ना, मग डोळ्यांनी गस्त घाला, रोज. फौजीला कळेल अशा भाषेत मला कुणी आजार सांगितला तो त्यांनीच. तेव्हापासून आंघोळीनंतर आरसा धरून दोन्ही तळवे बघतो. ज्यांचे पाय माझ्यासारखे आहेत त्यांनी एवढं तरी करावं.

शेवटी करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. पाय वाचला. मुलगी अश्विनी पनवेलला नोकरी करते, ती रजा टाकून आली होती. ऑपरेशन झाल्यावर आईला म्हणाली, बाबांनी आपल्याला बर्फाचं काहीच का सांगितलं नाही? मी जागा होतो. डोळे मिटून झोपल्याचं नाटक केलं. वनिताने उत्तर दिलं, त्यांनी स्वतःला तरी कुठे सांगितलंय.

साखर, रम आणि गाव

घरी आलो तो काठी घेऊन. वाडी शेजाऱ्याकडे करायला दिली. गाव चांगलं आहे, पण गावाला कारण लागतं. एकजण म्हणाला, शुगर असणार, लपवतोय. दुसरा म्हणाला, इतकी वर्षं फुकटची रम प्यायली, ती कुठून तरी बाहेर येणारच. आमच्याकडे थंडी म्हणजे माघात अंगावर घ्यायची चादर. गारठ्याने माणसाची बोटं जातात हे इथल्या माणसाला सांगूनही पटत नाही. त्यांचा दोष नाही, मलाही इथे राहून पटलं नसतं.

पण ते बोलणं मला लागलं. पैसा हवा होता, खोटं कशाला बोलू. वाडीत काम होत नव्हतं, आणि पायाचा खर्च जन्माचा होता. पण त्याहून जास्त मला एक गोष्ट हवी होती. हा पाय बर्फात गेला, असं कुणीतरी शिक्कामोर्तब करून म्हणायला हवं होतं. रमने गेला नाही, हलगर्जीपणाने गेला नाही, पहाऱ्यावर गेला. बोर्डाकडून मला ते हवं होतं.

पहिलं बोर्ड

माणगावला एक सुभेदारसाहेब आहेत, माझ्याच पलटणीतले, माझ्या आधी निवृत्त झालेले. त्यांनी अर्ज करायला लावला. फील्ड हॉस्पिटलची नोंद होतीच. यथावकाश बोर्डाचं बोलावणं आलं.

मी तयारी केली ती अशी. केस बारीक कापून घेतले. दाढी गुळगुळीत. शर्टाला कडक इस्त्री. बुटांना इतकं पॉलिश केलं की वनिता म्हणाली, परेडला निघालात का? आधीचे काही दिवस मी पुळणीवर, समुद्रकाठच्या वाळूत, पहाटे काठीशिवाय चालायचा सराव केला, लंगडेपणा दिसू नये म्हणून. नीट वाचा पुन्हा. लंगडेपणा दाखवायला जायचं होतं आणि मी तो लपवायचा सराव करत होतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, म्हणतात ते असं.

मिलिटरी हॉस्पिटलात पाऊल टाकलं आणि पाठ आपोआप ताठ झाली. काठी बाहेर बाकाला टेकवून ठेवली. आत डॉक्टरसाहेबांनी विचारलं, कैसे हो हवालदार? मी टाचा जुळवल्या आणि म्हणालो, ठीक हूँ साहब. मग त्यांनी झोपायला सांगितलं, डोळे मिटायला सांगितलं. कापूस आणि सुईने पायाला स्पर्श करणार, लागलं की सांगायचं.

आता हे कसं सांगू? मला काहीच लागत नव्हतं. पण त्यांच्या बाहीची सळसळ ऐकू येत होती, खुर्ची किंचित करकरत होती. मी त्या तालावर म्हणत गेलो, जी साहब. जी साहब. जी साहब. कुणाला फसवायचं होतं असं नाही. डोळे मिटून पडल्यावर मला एवढंच कळत होतं, की प्रश्न विचारला जातोय आणि माझ्याकडे उत्तर नाही. फौजेत उत्तर नसणं म्हणजे नापास. त्यात आणखी एक भीती होती. वारंवार सिक रिपोर्टला जाणाऱ्या जवानाला आम्ही आपसांत जे म्हणायचो, ते इथे लिहिण्यासारखं नाही. तसा मी दिसायला नको होतो.

डॉक्टरसाहेबांनी जे ऐकलं ते लिहिलं. जखम भरलेली, संवेदना शाबूत. अर्ज फेटाळला गेला. त्यांची काही चूक नव्हती.

निकाल आला त्या दिवशी वनिताने मला समोर बसवून सगळं विचारून घेतलं. मी सांगत गेलो. जी साहबपर्यंत आलो तेव्हा ती उठून उभी राहिली.

"खिळा काढताना तुमाला कळलं न्हाय, आनि कापूस लावलेला कळला?"

मी म्हणालो, झाकली मूठ सव्वा लाखाची. ती म्हणाली, बोर्डाने मूठ उघडून दाखवायलाच बोलावलं व्हतं. त्यानंतर ती काही दिवस माझ्याशी कामापुरतं बोलली. घरातली भांडी एरवीपेक्षा मोठ्याने वाजत होती. आमच्या संसारातला तो सगळ्यात वाईट काळ, हॉस्पिटलपेक्षाही. हॉस्पिटलात आम्ही दोघं एका बाजूला होतो.

सुभेदारसाहेबांची परीक्षा

फेरतपासणीचा अर्ज मंजूर झाला. सुभेदारसाहेबांनी बजावलं, की हे शेवटचं. यातही शाबूत म्हणून लिहिलं गेलं तर पुढे कुणी ऐकणार नाही.

त्यांनी मला ओटीवर बसवून शिकवायचं ठरवलं. म्हणाले, फौजीला दोनच उत्तरं येतात, जी साहब आणि ठीक है साहब, दोन्ही विसर. काठी सोडायची नाही. रोज जसा चालतोस तसाच चाल. वाढवून सांगू नकोस, त्यांनी आपल्यासारखे शंभर पाहिलेत. पण कमी करूनही सांगू नकोस, तेही खोटंच. हे मला फार पटलं. कमी करून सांगणं म्हणजे मर्दानगी, असं मी धरून चाललो होतो.

मग त्यांनी परीक्षा घेतली. मी डोळे मिटले. ते खाली वाकले, त्यांच्या गुडघ्यांचा कट असा आवाज आला, आणि मी म्हणालो, जी साहब.

त्यांनी हात लावलाच नव्हता. चष्मा पडला होता, तो उचलायला वाकले होते. ते हसले नाहीत. खुर्चीत मागे टेकले आणि म्हणाले, तुला शिकवून चालणार नाही, सरावाने तर तू आणखी बिघडशील. वहिनींना सांग.

सांजवेळची एक गोष्ट

वनिताने जो उपाय काढला त्याला मी तयारी म्हणतो. तिने नियम केला. रोज सांजेला दिवा लावून झाला की मी पडवीत बसायचं आणि आज काय जमलं नाही अशी एक गोष्ट तोंडाने सांगायची. एकच. ती ऐकणार, त्यावर काही बोलणार नाही, कीव करणार नाही.

ऐकायला सोपं वाटतं. पहिल्या सांजेला मी म्हणालो, आज सगळं जमलं. ती उठून आत गेली. दुसऱ्या सांजेला चिडलो, म्हणालो, तू काय माझं कोर्ट मार्शल करणार आहेस? ती पुन्हा उठून आत गेली. तिसऱ्या सांजेला रडकुंडीला येऊन सांगितलं, की सकाळी उजव्या पायातली चप्पल वाटेत निघाली आणि मी वाटेवरच्या चिंचेच्या झाडापर्यंत तसाच गेलो. मागून येणाऱ्या माणसाने चप्पल आणून दिली तेव्हा कळलं. ती बसून राहिली. आधी सांगितल्याप्रमाणे काही बोलली नाही, पण त्या दिवशी भाकरी गरम वाढली.

मग एकेक निघायला लागलं. मोटारसायकलचा ब्रेक पायाला लागत नाही, म्हणून मी ती चालवणं सोडलं, आणि सगळ्यांना सांगितलं पेट्रोल महाग झालं. आंघोळीचं पाणी कढत होतं, ते हाताला कळलं, तोवर पाय भाजून झाला होता. अंधार पडला की जमीन कुठे आहे ते पायाला सापडत नाही, म्हणून दिवेलागणीनंतर मी कुणाकडे जात नाही. लोक म्हणतात हवालदाराला गर्व आहे.

आणि एका सांजेला समुद्राचं सांगितलं. आम्ही किनाऱ्यावरची माणसं. लहानपणी ओल्या वाळूत उभं राहायचं, लाट परत जाताना टाचेखालची वाळू ओढून नेते, गुदगुल्या होतात, माणूस हळूहळू रुतत जातो. सुट्टीवर आलो की मी पहिलं तेच करायचो. निवृत्त होऊन आल्यावर गेलो, उभा राहिलो, लाट आली आणि गेली. वाळू गेल्याचं मला पाय रुतलेले दिसले तेव्हा कळलं. त्यानंतर पुळणीवर उभं राहायला म्हणून गेलोच नाही.

हे सांगितलं तेव्हा वनिताने नियम मोडला. म्हणाली, "हे मला लगीन झाल्या झाल्या सांगितलं असतंत तरी चाललं असतं. मी काय पळून गेले असते?" तेव्हा पाय चांगले होते, असं मी म्हणालो. तिला ते ठाऊक होतं. तिला म्हणायचं होतं ते वेगळंच होतं, आणि ते मलाही समजलं.

बोर्डाला जायची वेळ आली तोवर मला रोज एक खरी गोष्ट सांगायची सवय लागली होती. भीती मात्र तशीच होती. मला अपंग ठरवतील याची नव्हे. डोळे मिटले की तोंडातून पुन्हा ते दोन शब्द निघतील, याची.

दुसरं बोर्ड

या वेळी दाढी केली, बूट पुसले, पण काठी हातात ठेवली. वनिता बरोबर आली. आत सोडत नाहीत, म्हणून ती व्हरांड्यातल्या बाकावर बसली. आत जाताना मी मागे बघितलं. ती दुसरीकडे बघत होती, मला अवघडायला नको म्हणून.

खोलीत एक डॉक्टर मॅडम होत्या. फाइल उघडून नाव वाचलं आणि म्हणाल्या, मराठी आहात ना, मग मराठीतच बोलू. त्या एका वाक्याने माझं अर्धं ओझं उतरलं. फौजेत मी सगळं हिंदीत बोललो, आणि त्या हिंदीत माझ्याकडे दुखण्याला शब्दच नव्हते, फक्त ठीक हूँ होतं. पडवीतल्या सगळ्या गोष्टी मराठीत सांगून झाल्या होत्या.

"कसे आहात?"

"बरा नाही, मॅडम," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

त्या विचारत गेल्या, मी चपलेचं सांगितलं, ब्रेकचं सांगितलं, अंधाराचं सांगितलं. वाढवलं नाही. मग त्यांनी झोपायला लावलं. पँट गुडघ्यापर्यंत वर घ्यायला सांगितली, डोळे मिटायला सांगितले. लागलं की हो म्हणा, बाकी गप्प राहा.

मी डोळे मिटले. वर पंखा फिरत होता. व्हरांड्यात कुणाचं तरी नाव पुकारलं गेलं. कापडाची सळसळ झाली आणि जीभ आपोआप टाळ्याला लागली. मी दात आवळले. पुन्हा सळसळ.  गप्प राहणं इतकं अवघड असतं हे मला पहाऱ्यावर कधी जाणवलं नव्हतं. मनात म्हणालो, अजून सुरू झालेलं नाही, सुरू होईल तेव्हा तळव्यावर लागणार नाही हे ठाऊक आहे, पण घोट्यावर तर लागेल, तिथे हो म्हणायचं. माझा हिशेब असा होता, की बोटं आणि तळवे गेलेत, बाकी पाय माझा आहे. मी घोट्याची वाट बघत राहिलो. मॅडम बहुतेक लिहीत असाव्यात. बराच वेळ गेला. मला त्यांचा वेळ मोडतोय असं वाटायला लागलं, म्हणून विचारलं.

"मॅडम, कधी सुरू करणार?"

 मग नडगीवर, अर्ध्यावर, बारीक टोचलं. मी म्हणालो, हो. दुसऱ्या पायावर टोचलं, जवळपास तिथेच. हो.

"डोळे उघडा, हवालदारसाहेब," त्या म्हणाल्या. "सुरू करून बराच वेळ झाला."

मी उठून बसलो. दोन्ही नडग्यांवर त्यांनी पेनाने निळी रेघ मारली होती. बोटं, तळवा, टाच, घोटा, अर्धी नडगी, सगळीकडे त्यांचा हात फिरून आला होता आणि मी आढ्याखाली पडून त्यांची वाट बघत होतो. त्यांनी हळूच विचारलं, इतकं वर आलंय हे ठाऊक नव्हतं का? मी नाही म्हणालो. मग पुन्हा त्या रेघांकडे बघत बसलो. त्यांनी पाण्याचा पेला पुढे केला आणि मी पाणी पिईपर्यंत फाइलमध्ये बघत राहिल्या. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

निकाल पुढे घरी आला. पाय सेवेत असताना गारठ्याने निकामी झाले, असं त्यात स्पष्ट म्हटलं आहे. सुभेदारसाहेबांनी तो दोनदा वाचून घेतला. गावात ज्यांना सांगायचं त्यांना वनिताने पाणवठ्यावर सांगितलं, मला काही करावं लागलं नाही. तुमच्यापैकी कुणाला बोर्डाला जायचं असेल तर माझं सांगणं इतकंच, की जे लागत नाही त्याला लागतं म्हणू नका, आणि जे लागतं त्याला लागत नाही म्हणू नका. घरातल्या माणसाला आधी सांगा. तिथे सांगता आलं तर बोर्डापुढे जमेल.

पण त्या दिवशी मी खोलीतून बाहेर आलो तेव्हा निकालाचा विचार डोक्यात नव्हता. काठी टेकत बाकापर्यंत गेलो, वनिताशेजारी बसलो, पाय बाकावर घेऊन पँट वर सरकवली आणि तिला ती निळी रेघ दाखवली. ती घाबरेल म्हणून शब्द जुळवत होतो. तिने रेघेकडे बघितलं आणि मान हलवली.

"बराबर हाय. हितपतुरच."

तुला कसं ठाऊक, म्हणून विचारलं.

"इतके दीस डरेसिंग कोन करत व्हतं? ह्याच्या खाली हात लावला तर तुमी बोलत ऱ्हायचात. वर लावला की मधीच थांबायचात."

"मग मला बोलली का नाहीस?"

"तुमी कवा इचारलंत?"

 व्हरांड्यात पुढचं नाव पुकारलं गेलं, एक माणूस काठी बाकाला टेकवून ताठ मानेने आत गेला. आम्ही तसेच बसलो होतो. किती वेळाने कोण जाणे, मी सहज खाली पाहिलं. तिचा हात माझ्या घोट्यावर होता.